टाक्यांचं खालचं टोक

बाबांची बायपास झाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण चाळीसची. एवढ्या वयाच्या बायकांनी बापावरून एकमेकींचा हेवा करावा हे सांगायला लाज वाटते. पण हेवा मीच करत होते, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा मोठा वाटा होता, म्हणून आधी तेच सांगते.

मी बाबांना अहो-जाहो करते, ती अरे-तुरे. हे कधी ठरलं ते घरात कुणालाच आठवत नाही. मी पहिली. तेव्हा बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, धरणाच्या कामावरून शनिवारी घरी यायचे आणि जेवणाआधी माझे पाढे घ्यायचे. सात वर्षांनी ती झाली तोवर त्यांची पुण्याला बदली झाली होती. ती त्यांच्या पोटावर बसून मिशा ओढायची आणि ते ओढू द्यायचे. माणूस एकच, पण आम्हा दोघींच्या वाट्याला वेगवेगळा आला.

ऑकलंडला आधी मी आले, शिकायला. मग माउंट वेलिंग्टनला एका लॅबमध्ये लागले, ती आजवर तिथेच आहे. दुधाची पावडर, शिंपले, लहान बाळांचं अन्न असे नमुने आमच्याकडे येतात आणि त्यात कुठला जंतू किती वाढतो ते आम्ही बघतो. माझ्या मागून धाकटी आली, माझ्याच घरात राहून शिकली. आता टाकानिनीच्या नव्या वस्तीत तिचं घर आहे. तिथली सगळी घरं सारखी आणि फुटपाथवरची झाडं अजून काठ्यांना बांधलेली. आई गेल्यावर बाबांच्या रेसिडेन्सीचे कागद मी केले. ते आले आणि हिल्सबरोला माझ्याकडे राहिले. माझी मुलगी दूर वेलिंग्टन शहरात शिकायला गेल्यामुळे तिची खोली रिकामी होती. मी ती रंगवून घेतली, खिडकीत त्यांना वाचायला खुर्ची ठेवली. एक वीकेंड सोडून एक वीकेंड ते धाकटीकडे जायचे. तिकडून आल्यावर दोन दिवस त्यांच्या तोंडात तिकडच्याच गोष्टी असायच्या: कुत्र्याने काय पळवलं, नात पत्त्यांत कशी लबाडी करते. माझ्याकडच्या गोष्टी ते तिकडे सांगत असतील का, असा विचार मी बऱ्याचदा केला. माझ्याकडे गोष्टीसारखं काही घडतच नव्हतं.

कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन चढ चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं, तिथून सगळं सुरू झालं. तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या. त्यात त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. ऑपरेशनआधीच्या भेटीला मी गेले, फाइल मी ठेवली, प्रश्न मी विचारले. छातीचं हाड मधोमध कापून नंतर तारेने बांधतात, ते जुळायला दोनतीन महिने लागतात, आणि मधुमेह असल्यामुळे जखमेत इन्फेक्शनची भीती जास्त, हे सगळं मला समजावून सांगितलं गेलं. आदल्या दिवशी अंगाला जंतुनाशक साबण लावून आंघोळ, नाकात मलम. ते मलम मी स्वतः लावलं. बाबा मान मागे टाकून लहान मुलासारखे बसून राहिले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा फार वर्षांत पाहिला नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी घशातली श्वासाची नळी काढल्यावर ते बोलू लागले तेव्हा मी सकाळपासून तिथे उभी होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "ती आली का?"

आठवड्याने त्यांना घरी सोडलं. मी दोन आठवड्यांची रजा घेतली होती. दारात सॅनिटायझर ठेवला, भेटायला येणाऱ्यांना नको म्हणून कळवलं. धाकटीची सहा वर्षांची मुलगी सर्दीने शिंकत होती, तिला तर फोनवरच थांबवलं. ते योग्यच होतं. पण धाकटीला नाही म्हणताना मला आतून बरं वाटलं, हेही तितकंच खरं. रोज सकाळी मी बाबांच्या छातीवरच्या जखमेचा फोटो काढायची, तापमान आणि साखर लिहायची. जखम सरळ होती, कोरडी होती, कडा गुलाबी. बाबा सगळं ऐकायचे. दिलेलं खायचे, सांगितलं तेवढं चालायचे. खोकताना छातीशी धरायला हॉस्पिटलने एक उशी दिली होती. संध्याकाळी टाकानिनीहून व्हिडिओ कॉल आला की तीच उशी धरून ते हसायचे. मी स्वयंपाकघरात असायची. हसून छाती दुखते म्हणून ते "अगं पुरे, पुरे" म्हणायचे, आणि मला राग यायचा. छाती दुखते त्याचा नव्हे. मी चौदा दिवसांत त्यांना एकदाही हसवलं नव्हतं, त्याचा.

रजा संपली. धाकटी घरूनच काम करते, म्हणून पुढचे काही आठवडे तिच्याकडे असं ठरलं. गुरुवारी मी त्यांना पोचवलं. सोबत चार पानी सूचना टाइप करून दिल्या. कुत्रा खोलीत नको, नातीने मांडीवर चढायचं नाही, हात वीस सेकंद धुवायचे. धाकटीने ती पानं फ्रिजवर मॅग्नेटने लावली. मी निघेपर्यंत नातीने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल हृदय काढलं होतं.

शनिवारी सकाळी मी बागेत होते तेव्हा तिचा फोन आला.

"ताई, बाबांच्या टाक्यांच्या खालच्या टोकाला ओलं दिसतंय," ती म्हणाली. "शर्टाला डाग पडला. आणि कूस बदलताना आत काहीतरी कट् करतं म्हणतोय."

मी विचारलं, ताप किती. साडेसदतीसच्या आत होता. रंग कसला. पाण्यासारखा, थोडा गढूळ. तिने फोटो पाठवला होता तोही मी बघितला. त्या फोटोतली जखम माझ्या चौदा फोटोंपेक्षा वेगळी होती आणि ते मला दिसलं. आयुष्यभर मी बारीक फरक ओळखायचंच काम करत आले आहे.

पण माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगते. मी दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि हिला दोन दिवसांत काहीतरी सापडलं. म्हणजे आता बाबांना वाचवणारीही हीच.

"होतं असं," मी म्हणाले. "बरी होणारी जखम थोडी पाझरते. हाडाचा आवाजही येतो सुरुवातीला. तू उगाच इमर्जन्सीला नेशील, आठ तास बसवून ठेवतील, आणि तिथे खरंच काहीतरी लागेल त्यांना. ड्रेसिंग बदल आणि बघ."

ती म्हणाली, "नक्की ना? तुला जास्त कळतं."

मी नक्की म्हणाले.

रविवारी तिने दोनदा मेसेज केला. बाबा जेवले नाहीत. दमल्यासारखे वाटतात. मी लिहिलं, जागा बदलली की होतं. सोमवारी सकाळी लॅबमध्ये प्लेटवर वाढलेले जंतूंचे ठिपके मोजत असताना तिचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. पहाटे बाबांना हुडहुडी भरली, ते काहीतरी असंबद्ध बोलू लागले, तिने मला न विचारता अँब्युलन्स बोलावली होती.

मी गाडी चालवत असताना काय ठरवलं होतं ते मला स्पष्ट आठवतं: आता आपली चूक आहे हे दिसायच्या आत तिची दिसली पाहिजे. कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती, पायात घरातल्याच रबरी चपला, केस न विंचरलेले. मी तिला कुत्र्याबद्दल बोलले. नातीबद्दल बोलले. फ्रिजवरच्या कागदांबद्दल बोलले, की मी लिहून दिलेलं तुला वाचायलाही जड होतं का. माझ्याकडे चौदा दिवस काही झालं नाही, तुझ्याकडे दोन दिवसांत झालं, असंही बोलले. माझा आवाज चढला नव्हता. तिने केस मागे सारून बांधले. फक्त म्हणाली, "आत चल, डॉक्टर आल्यात."

इन्फेक्शनच्या डॉक्टर तरुण होत्या. दारातच "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांनी आम्हाला बसवलं आणि स्कॅन दाखवला. छातीच्या हाडामागे पू साठला होता, हाडाच्या दोन बाजू सुटू लागल्या होत्या. रक्तातही जंतू उतरलेला दिसत होता. स्टॅफ नावाचा, बहुधा त्यांच्याच नाकातला किंवा कातडीवरचा.

मी विचारलं, घरातल्या कुत्र्यापासून किंवा लहान मुलापासून असं होऊ शकतं का. मला हो ऐकायचं होतं.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवतात. शरीराला तो मोठा घाव वाटतो. पहिले एक-दोन दिवस त्याची सगळी संरक्षणव्यवस्था खवळून उठते, आणि मग उलटंच होतं, ती थकते. रक्तात पांढऱ्या पेशी मोजायला गेलं तर पुरेशा भरतात, पण त्या सुस्त असतात, समोरच्या जंतूला ओळखून झडप घालत नाहीत. काहींची ही अवस्था थोड्या दिवसांत सरते, काहींची लांबते. वय झालेलं असलं, मधुमेह असला की जास्त. साबण, मलम, अँटिबायोटिक हे सगळं करूनही सत्तर वर्षं अंगावर गुपचूप राहिलेला एखादा जंतू तेवढ्यात आत शिरतो. कुणी काही चुकीचं केलं म्हणूनच होतं असं नाही.

"आणि हा पू दोन दिवसांतला नाही," त्या म्हणाल्या. "आठ-दहा दिवस तरी आत चाललं असणार. वरून दिसलं ते शेवटी."

मी बोटांवर मोजलं नाही, मोजायची गरज नव्हती. आठ-दहा दिवसांपूर्वी बाबा माझ्या घरी, मी रंगवलेल्या खोलीत होते. मी रोज सकाळी फोटो काढत होते आणि कातडीखाली ते चालू होतं.

मग त्यांनी विचारलं की ओलं पहिल्यांदा कधी दिसलं.

"शनिवारी," धाकटी म्हणाली. "मला वाटलं आपोआप थांबेल. मी थांबायला नको होतं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. शनिवारी आले असते तर रक्तात पसरण्याआधी धरता आलं असतं कदाचित, असं त्या शांतपणे म्हणाल्या, आणि पुढच्या कागदाकडे वळल्या. मी बोलू शकले असते. त्या खोलीत तेवढा वेळ होता. मी गप्प बसले. आणि ज्या बहिणीने नुकतीच माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, तिच्याकडे बघून मला काय वाटलं तर पुन्हा हेवाच. इतकं सहज चांगलं वागणं हिला जमतं कसं, या गोष्टीचा.

त्याच दुपारी बाबांची छाती पुन्हा उघडली. तारा काढल्या, आत धुतलं, जखम उघडी ठेवून वर स्पंज आणि हवा खेचणारं यंत्र लावलं. चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते, किडन्याही कुरकुरत होत्या. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये छातीचा स्नायू वळवून ती जागा भरली. त्या दिवसांत आम्ही दोघी आळीपाळीने बसायचो. एकमेकींना फक्त आकडे सांगायचो: ताप, रक्तदाब, लघवी.

ते वॉर्डात आल्यावर एका दुपारी मी एकटी होते. ते बारीक झाले होते, पण शुद्धीवर होते. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं की शनिवारी धाकटीने मला फोन केला होता, तिला तुम्हाला लगेच आणायचं होतं, मी थांबवलं.

बाबा म्हणाले, "माहीत आहे. फोन स्पीकरवर होता."

मी विचारलं, "मग तुम्ही का नाही बोललात? दुखत होतं ना?"

"दुखत होतं." त्यांना सलग बोलवत नव्हतं. "पण तू म्हणालीस होतं असं. तू म्हणालीस म्हणजे असेल. बरं वाटलं ऐकून."

एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले. लहानपणापासून मला त्यांच्याकडून हाच विश्वास हवा होता आणि तो मला मिळालेला होता. मला पत्ताच नव्हता. मिळालेला असताना मी त्याचं काय केलं, हे मात्र आता दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी धाकटी आली तेव्हा मी तिला पार्किंगमध्ये गाठलं. माफी मागितली, सरळ, कारणासकट. शनिवारी फोटोत फरक दिसला होता हेही सांगितलं. हे तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"दिसला होता?" ती म्हणाली.

"हो."

तिने गाडी लॉक केली. "डॉक्टरांसमोर मी तुझ्यासाठी नाही बोलले ताई," ती म्हणाली. "मलाच वाटत होतं मी थांबायला नको होतं. माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि मी तुला विचारत बसले. पुढच्या वेळी नाही विचारणार."

ती रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. वर निघून गेली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तो राग तिचा हक्काचा होता.

तीन आठवड्यांनी बाबांना सोडायची वेळ आली तेव्हा शिरेतून अँटिबायोटिक अजून तीन आठवडे द्यायचं होतं. दंडात बारीक नळी बसवली होती, ती औषधाच्या बाटलीला जोडलेली, बाटली कमरेच्या पिशवीत. रोज नर्स घरी येऊन बाटली बदलणार होती. कुठल्या घरी, असं नर्सने विचारलं. मी हिल्सबरोचा पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि बाबांनी टाकानिनीचा सांगितला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथे जिना नाही." माझ्या घरातही त्यांच्या खोलीपर्यंत जिना नव्हता.

मग मी कामावरून सुटून रोज टाकानिनीला जाऊ लागले. मोटरवेवर गाड्या खोळंबलेल्या असायच्या. पोचेपर्यंत नर्स येऊन गेलेली असायची, बाबा सोफ्यावर, नात खाली जमिनीवर पत्ते मांडून. ती मराठी सगळं समजते पण बोलते इंग्रजीत. "आजोबा, यू आर चीटिंग," ती म्हणायची आणि ते मराठीत शपथा घ्यायचे. कुत्रा त्यांच्या पायाशी झोपलेला असायचा. मी काही बोलायची नाही. हात धुऊन, वीस सेकंद, बाजूला बसायची. रक्तातले आकडे उतरत गेले. जखम बंद झाली, वाकडी, मध्ये खड्डा असलेली. शेवटची बाटली काढून नर्सने नळी ओढून घेतली त्या दिवशी बाबा म्हणाले की आंघोळ करतो, आणि अर्धा तास बाथरूममधून बाहेर आले नाहीत. धाकटीने दोनदा दार वाजवलं. ते आतून म्हणाले, बरा आहे.

पुढे ते तिथेच राहिले. मागणी कुणी केली नाही, चर्चा झाली नाही. हिवाळा लागला तसे त्यांचे स्वेटर लागले, मग चष्म्याची दुसरी जोडी, मग पुस्तकं. एका शनिवारी मी उरलेलं सगळं दोन खोक्यांत भरून नेऊन दिलं. धाकटी तेव्हा माझ्याशी पुन्हा नीट बोलू लागली होती. तिने खोकी उतरवायला मदत केली आणि जेवून जा म्हणाली.

जेवणाआधी बाबांनी मला जवळ बोलावलं. त्यांना विचारायचं होतं की आपल्याला झालेला तो जंतू दिसतो कसा. धरणाच्या कामावर भेग पडली की ते आधी भेग बघायला जायचे, मग बाकीचं. मी फोनमध्ये लॅबमधला त्याच जातीच्या जंतूचा फोटो उघडून दिला. काळे चकचकीत बारीक ठिपके, भोवती स्वच्छ कडा, एका गोल प्लेटवर. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांशी नेला, मोठा करून बघितला. एका ठिपक्यात किती असतात ते विचारलं. मी लाखो म्हणाले. मग त्यांनी विचारलं की हे इतकी वर्षं नाकात होते तर काय खात होते, आणि मी सांगितलं. ते विचारत राहिले, मी सांगत राहिले. मी काय काम करते हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट विचारलं होतं. मला ते संपू नये असं वाटत होतं.

तेवढ्यात धाकटी हात पुसत बाहेर आली. बाबांनी फोन तिच्याकडे वळवला. "हे बघ, हिने काय दाखवलंय," ते म्हणाले. "किती सुरेख दिसतात बघ."

ती वाकून बघू लागली. मला वाटलं, हा फोटो तरी आमच्या दोघांचाच राहायला हवा होता.